सोसायचे कोणी? मुलांच्या किडक्या दातांवरील जुन्या आणि सौम्य उपचारांविषयी

मूल पाच वर्षांचे असते, मागची दाढ काळी पडलेली असते आणि घरात दोन तट पडलेले असतात. आजी म्हणते, "दुधाचेच तर दात, पडणारच आहेत. कशाला त्या पोराचे हाल करता?" आईबाबांना वाटते, एकदा मशीन लावून कीड काढली, सिमेंट भरले की प्रश्न मिटला. दोन्ही मतांमागे माया आहे आणि दोन्ही मते अर्धवट आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत दंतवैद्यकात या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट तयार झाली. ती टांझानियातल्या खेड्यांतून आली, स्कॉटलंडमधल्या दवाखान्यांतून आली, जपानमधल्या प्रयोगशाळेतून आली. हे पुस्तक त्या वाटेची ओळख करून देते. ज्या जुन्या रस्त्याला ती पर्याय म्हणून पुढे आली त्याचीही न्याय्य दखल घेते, कारण तो रस्ता समजल्याशिवाय तुलना करता येत नाही.

आधी आजीचे म्हणणे पाहू. दुधाचे दात वीस. सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दोन दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे वीसही आलेले असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. ‘पडणारच आहेत’ हे त्यांच्याबाबत खरे. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावायची असते. तिच्या मुळांमध्ये कायमचा दात घडत असतो. वरची दाढ सडून पू झाला तर त्याची झळ खालच्या कोवळ्या दाताला लागू शकते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागून येणारी दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडवते. यात आणखी एक गफलत होते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून घरातले तिलाही दुधाचीच समजतात. किडलेल्या शेजारणीला खेटून ती येते आणि दोन-तीन वर्षांत तिलाही खड्डा पडतो.

दुखणे किरकोळ वाटते, पण त्याचा पसारा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. रात्री उठून रडणे, एका बाजूने चावणे, जेवण टाळणे, वर्गात लक्ष नसणे या तक्रारींमागे दाढ आहे हे पुष्कळदा उशिरा कळते, कारण लहान मुलाला दुखणे कुठले आहे ते नेमके सांगता येत नाही.

आता आईबाबांचे म्हणणे. कीड म्हणजे दातात शिरलेली एक वस्तू आणि ती उपटून काढायची, ही समजूत फार जुनी आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे ‘पाडणारे’ वैदू आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवत असतील. दातातल्या किड्याची कल्पना बाबिलोनपासून युरोपपर्यंत सगळीकडे होती; फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी संशोधकाने १८९० मध्ये खरा कारभार दाखवून दिला. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातली खनिजे विरघळवते.

ही झीज सतत एका दिशेने होत नाही, हे या पुस्तकातल्या सगळ्या चर्चेचे मूळ आहे. आम्ल वाढून दातावरच्या थराचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जाऊ लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिजे परत बसू लागतात. जवळ फ्लोराइड असेल तर ती अधिक घट्ट बसतात. दिवसातून चार वेळा खाणाऱ्या मुलाच्या दाताला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला बिस्किट, मध्येच गोळी, झोपताना दुधाची बाटली अशा मुलाच्या दाताला तो मिळत नाही. स्वीडनमधल्या लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हे सिद्ध करण्यात आले. तो प्रयोग आज माणुसकीला सोडून मानला जातो, पण त्याचा निष्कर्ष टिकला. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली, यावर किडण्याचा वेग जास्त अवलंबून असतो. खड्डा हा या घडामोडीचा शेवटचा टप्पा. तो भरला आणि बाकी काही बदलले नाही, तर गळके छत तसेच ठेवून ओल आलेली भिंत रंगवल्यासारखे होते.

जुन्या पद्धतीची घडी बसवली ती ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने. १९०८ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या दंत महाविद्यालयांत खड्डा कसा कोरायचा ते त्याच्या नियमांनी ठरू लागले. किडलेला भाग पूर्ण काढायचा, शेजारच्या खाचाही उघडून मोकळ्या करायच्या, म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही, आणि चांदी म्हणजे पाऱ्याचे मिश्रण अडकून राहील असा चौकोनी आकार द्यायचा. यात चांगला दातही बराच जात असे, पण त्या काळी दाताला चिकटणारे सिमेंट नव्हते, फ्लोराइडचा वापर नव्हता, आणि दुसरा मार्ग म्हणजे दात उपटणे. ब्लॅकच्या शिस्तीने असंख्य लोकांचे दात वाचवले. ती निर्दय होती असे आज म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल.

ही शिस्त लहान मुलांना जशीच्या तशी लागू झाली, तिथे अडचण सुरू झाली. दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्याच जाडीचे असते आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी असते. थोडे जास्त कोरले की नस उघडी पडते. शिवाय हिरडीत सुई, वीस-तीस मिनिटे तोंड उघडे, मशीनचा आवाज, घशात पाणी हे सगळे चार वर्षांच्या मुलाने शांतपणे सहन करावे, अशी अपेक्षा त्यात गृहीत आहे. मूल सहन करू शकले नाही तर त्याला धरून ठेवायचे, दामटायचे, नाहीतर पूर्ण भूल द्यायची. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत २००६ पर्यंत जागा धरून होती. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण अनेक वर्षे किडलेले दात हेच राहिले आहे. बहुतेकांना भूल देऊन दात काढण्यासाठीच दाखल केले जाते.

या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या गृहीतकालाच हळूहळू तडे गेले. किडलेला प्रत्येक कण काढलाच पाहिजे का? अमेरिकेत मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मोठ्यांच्या दातांतली कीड न काढता तिच्यावर घट्ट बंद होणारे भरण बसवले आणि दहा वर्षे पाठपुरावा केला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की बाहेरून अन्न मिळेनासे झाले की आत कोंडलेली कीड पुढे सरकत नाही. जिवाणूंची उपासमार करता येत असेल, तर त्यांना शोधून शोधून मारायची गरज उरत नाही. पुढच्या जवळजवळ सर्व सौम्य उपचारांचा पाया हाच आहे.

पहिला उपचार टांझानियातला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दार-एस-सलाम विद्यापीठात काम करणारे डच दंतवैद्य यो फ्रेंकन अशा खेड्यांत जात जिथे वीज नव्हती, म्हणजे मशीनही नव्हते. हातातल्या छोट्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेली कीड खरवडायची, कडक भाग तसाच ठेवायचा आणि ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट बोटाने दाबून भरायचे, अशी रीत त्यांनी बसवली. हे सिमेंट ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनमधल्या सरकारी रसायनशाळेत शोधले होते आणि १९७२ मध्ये जगापुढे आणले होते. ते दाताला स्वतः चिकटते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. सुई नाही, आवाज नाही. मर्यादाही स्पष्ट आहे. दाढेच्या वरच्या खाचेतला खड्डा असेल तर हे भरण चांगले टिकते. दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात ते लवकर तुटते किंवा निघून येते. मुलांच्या दाढा बहुधा मधूनच किडतात, ही यातली खरी पंचाईत.

दुसरा उपचार स्कॉटलंडचा. तिथल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य १९८० च्या दशकापासून किडलेल्या दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार कॅप बसवत. या कॅपा १९५० पासून बालदंतवैद्यकात होत्या, पण त्या बसवण्याआधी सुई देऊन दाढ सगळीकडून तासायची प्रथा होती. हॉल बाईंनी सुईही सोडली, तासणेही सोडले आणि कीड काढणेही सोडले. कॅपमध्ये सिमेंट भरायचे, ती दाढेवर ठेवायची आणि मुलाला ‘चाव’ म्हणायचे. दाढांमध्ये फट नसेल तर काही दिवस आधी रबराचे छोटे कडे घालून ती पाडून घ्यायची. दात काही दिवस उंच लागतो, मग चावण्याची ठेवण आपोआप जुळते. ऐकणाऱ्या दंतवैद्यांना हा प्रकार आधी चुकारपणाचा वाटला. २००६ मध्ये हॉल यांच्या जुन्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि पाठोपाठ निकोला इनेस आणि सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी घेतली. १३२ मुलांच्या तोंडात एका बाजूला हॉल पद्धतीची कॅप आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचे भरण. पाच वर्षांनी गंभीर अपयश, म्हणजे पू, नसेचा दाह किंवा दात गमावणे, कॅपच्या बाजूला ३ टक्के होते आणि भरणाच्या बाजूला १६.५ टक्के. किरकोळ अपयश ५ विरुद्ध ४२ टक्के. ज्यांनी पसंती सांगितली त्या मुलांपैकी, पालकांपैकी आणि दंतवैद्यांपैकीही तीन-चतुर्थांशाहून अधिकांनी कॅपला कौल दिला.

तिसरा उपचार जपानचा. ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो यांनी १९६९ मधल्या प्रबंधात सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा अभ्यास केला आणि पुढच्याच वर्षी ते औषध म्हणून तिथे विक्रीला आले. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला दात कडक करते. दात कोरडा करून बारीक ब्रशने एक थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचे, झाले. चव धातूसारखी कडवट. किंमत मात्र डोळ्यांना दिसते: किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. हाँगकाँगच्या एका मोठ्या चाचणीत अडीच वर्षांनी ३८ टक्के द्रावण वर्षातून एकदा लावलेल्या गटात सुमारे ६७ टक्के खड्डे थांबलेले होते, दोनदा लावलेल्या गटात सुमारे ७६ टक्के. दर सहा महिन्यांनी पुन्हा लावणे हा इथे उपचाराचाच भाग आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट यांना स्थान दिले. युरोपीय संघाने २०१८ च्या जुलैपासून पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत पाऱ्याचे भरण घालणे जवळजवळ पूर्ण थांबवले होते. वारे कुठल्या दिशेला वाहत आहे ते यावरून कळते.

चौथा मार्ग सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड. खड्डा भरायचाच नाही. त्याच्या कडा थोड्या उघडून तो ब्रश पोचेल इतका मोकळा करायचा, फ्लोराइडचे वॉर्निश लावायचे, आणि घरी रोज तिथे घासून कीड थांबवायची. थांबलेली कीड काळपट, चकचकीत, कडक दिसते. ती दुखत नाही. चालू कीड मऊ आणि पिवळसर तपकिरी असते. फरक डोळ्यांना आणि हाताला कळतो, पण तो दर काही महिन्यांनी कुणीतरी पाहायला हवा.

मग यांत श्रेष्ठ कोण? याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत मिळते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ७२ नेहमीच्या दवाखान्यांत तीन ते सात वर्षांच्या ११४४ मुलांवर ती झाली आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलाच्या निदान एका दुधाच्या दाढेत खोल कीड होती, पण दुखणे अजून सुरू झालेले नव्हते. एका गटाला जुन्या पद्धतीने कीड काढून भरण, दुसऱ्याला कीड कोंडणारे सौम्य उपचार, तिसऱ्याला फक्त ब्रश, आहार आणि फ्लोराइडचा प्रतिबंध. पहिल्या दोन गटांनाही प्रतिबंध होताच. सुमारे तीन वर्षांनी पाहिले तर दुखणे किंवा पू झालेली मुले अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरकच नव्हता. दातांची भीती आणि मुलांचे रोजचे सुख या मोजमापांतही तिन्ही गट जवळजवळ सारखे निघाले.

हा निकाल दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना अवघड जातो. सौम्य उपचार हे जादूचे आहेत असे म्हणणाऱ्यांना तो थांबवतो, कारण तिथेही दहापैकी चार मुलांना दुखलेच. मशीनशिवाय उपचार म्हणजे हलगर्जी असे म्हणणाऱ्यांनाही तो थांबवतो, कारण कोरून भरल्यानेही दहापैकी चार मुलांना दुखलेच. खोल खड्डा पडल्यावर जे काही करायचे ते उशिराचे असते, हे यातले पहिले सत्य. दुसरे असे की निकाल जवळजवळ सारखाच असेल, तर निवड कोणत्या कसोटीवर करायची, हा प्रश्न आता उघडपणे विचारायला हवा. इथे एक सावधानताही हवी. स्कॉटलंडमधली कॅपची चाचणी आणि ही चाचणी यांनी वेगवेगळे प्रश्न विचारले होते. पहिलीने एक दाढ मोजली, दुसरीने सगळे तोंड. एक कॅप उत्तम टिकू शकते आणि त्याच मुलाची शेजारची दाढ किडू शकते.

या पुस्तकाची कसोटी मी अशी मांडतो. प्रत्येक उपचार काहीतरी मागतो. जुनी पद्धत तासाभरात पुष्कळ मागते आणि ते मुलाकडून मागते. सुई सोसायची, आवाज सोसायचा, तोंड उघडे ठेवायचे. सौम्य पद्धत मुलाकडून थोडे मागते आणि उरलेले वर्षानुवर्षे मोठ्यांकडून मागते. दर सहा महिन्यांनी परत आणायचे, रात्री झोपण्यापूर्वी आपल्या हाताने त्याचे दात घासायचे, बाटली सोडवायची, येताजाता खाऊ देणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे थांबवायचे, काळ्या दाताकडे बघून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना तोंड द्यायचे. सौम्य उपचार म्हणजे कमी उपचार असे समजून जे घर निश्चिंत होते, तिथे तो उपचार उरत नाही. तिथे दात फक्त सोडून दिलेला असतो, आणि काही महिन्यांनी गाल सुजवून मूल रात्री रुग्णालयात पोचते.

म्हणूनच कुठे सौम्य पद्धत चालत नाही हेही पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मूल रात्री दाढ दुखून जागे होत असेल, हिरडीवर पुटकुळी आली असेल, गाल सुजला असेल, दात हलत असेल किंवा क्ष-किरण चित्रात कीड नसेपर्यंत पोचलेली दिसत असेल, तर ती कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. तिथे नसेचा उपचार किंवा दात काढणे हाच योग्य मार्ग असतो. सुजेबरोबर ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो, कीड थांबत नाही. लहान मुलाच्या तोंडात ते भरपूर ओतले तर हिरडी पोळते. दाढेखाली मशेरी दाबून मिळणारा आराम तर तंबाखूची ओळख करून देतो. जुन्या घरगुती उपायांपैकी बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी नीट चावून घासली तर दात स्वच्छ होतात, पण फ्लोराइडचे काम ती करत नाही.

फ्लोराइडविषयी आपल्याकडे असलेली शंका नुसती हसून टाळण्यासारखी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात आणि मोठ्यांची हाडे दुखतात. अशा गावात पाण्याची तपासणी आधी, पेस्टचा विचार नंतर. इतरत्र मात्र प्रमाण सांभाळले तर पेस्टमधले फ्लोराइड फायद्याचे आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग अशी आहे. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टांत ते मुळीच नसते, म्हणून डबीवरची बारीक अक्षरे वाचावीत.

महाराष्ट्राचा या विषयाशी आणखी एक धागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून झाली. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात, आणि तपासायच्या आजारांत किडके दातही आहेत. पथकाने चिठ्ठी दिली तरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. दुखत नसलेल्या दातासाठी ती कोण बुडवेल? म्हणून एक गोष्ट इथे विचारार्थ ठेवतो. अंगणवाडीतल्या तपासणीचा सहामाही फेरा आणि चांदीचे द्रावण पुन्हा लावण्याचा सहामाही फेरा एकच आहे. वीज, खुर्ची, पाण्याचा फवारा यांपैकी कशाचीही गरज नसलेले उपचार दंतवैद्यांच्या देखरेखीखाली मुलापर्यंत जाऊ शकतात. ज्या देशांत हे उपचार रुजले तिथेही मूल दवाखान्यापर्यंत पोचत नाही याच जाणिवेतून पुष्कळदा सुरुवात झाली.

शहरातली अडचण निराळी. खाजगी दवाखान्यात ‘काय केले’ याचे पैसे मोजले जातात. सहा महिन्यांनी बोलावून, तोंड पाहून, ‘कीड थांबली आहे, काही करायचे नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरची फी देताना पालकांचा हात आखडतो. दोष एकट्या डॉक्टरचा नाही आणि एकट्या पालकाचाही नाही. काही न करण्यामागचे कौशल्य ओळखायला आपण शिकलेलो नाही.

मोठ्यांनी आपला वाटा उचलला की काय घडते, ते स्कॉटलंडमध्ये पाहता येते. तिथे २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमात बालवाड्यांमध्ये रोज शिक्षकांसमोर ब्रश करणे, घरी मोफत ब्रश-पेस्ट आणि गरजू वस्त्यांमध्ये फ्लोराइड वॉर्निश असा साधा कार्यक्रम राबवला गेला. शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांपैकी डोळ्यांना कीड न दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते, ते २०१८ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. हॉलची कॅप आणि हा कार्यक्रम एकाच देशात वाढले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. सौम्य उपचार तिथे टिकले, कारण त्यांच्यामागे रोज ब्रश करून घेणाऱ्या बालवाड्या उभ्या होत्या.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिल्या भागात दात कसा बनतो, कसा झिजतो आणि कसा सावरतो. दुसऱ्यात जुनी पद्धत, तिच्या बलस्थानांसह. तिसऱ्यात चारही सौम्य मार्ग, प्रत्येकाचा खर्च, दिसणे आणि अपयश यांसह. चौथ्यात निवड कशी करावी: वय, दात, खड्ड्याची खोली, मुलाचा स्वभाव आणि घरची परिस्थिती पाहून. शेवटच्या भागात अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी चौथा भाग आधी वाचला तरी चालेल. त्यातले कोष्टक पाहून घरीच निर्णय मात्र घेऊ नये. दात बघितल्याशिवाय कुठलेही पुस्तक उपचार सांगू शकत नाही.

वाचकाने हे पुस्तक दवाखान्यात जाताना उपयोगी पडावे म्हणून वाचावे अशी इच्छा आहे. तिथे तीन प्रश्न विचारता आले तरी पुरे. या दाताची कीड चालू आहे की थांबलेली? न कोरता ती कोंडता येईल का, आणि येत नसेल तर का? आणि तसे केले तर पुढच्या वर्षभरात घरी आम्ही नेमके काय करायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे. ते करण्याची तयारी नसेल तर डॉक्टरांना तिथेच तसे सांगावे, कारण मग कदाचित मशीनचा जुना रस्ताच त्या मुलासाठी सुरक्षित ठरेल. तसे सांगण्यात कमीपणा नाही. घरी काय जमेल आणि काय जमणार नाही याचा अंदाज न घेता निवडलेला उपचार, मग तो कितीही सौम्य असो, शेवटी मुलालाच सोसावा लागतो.